मृदंगाचा उपास

पद्माबाईच्या दिवसाची सुरुवात कणकेनं व्हायची. आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, देवापुढं दिवा लावला, की ती डब्यातलं मूठभर गव्हाचं पीठ घ्यायची, थेंबथेंब पाणी घालत लिंबाएवढा गोळा मळायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवायची. मग चूल पेटायची. घरात रोज भाकर ज्वारीचीच. गव्हाची ही एवढीशी कणीक माणसांसाठी नव्हती, मृदंगासाठी होती.

मृदंगाच्या उजव्या पुडीला, म्हणजे उजव्या तोंडाच्या कातड्याला, शाई कायमची असते. डाव्या पुडीला मात्र रोज ताज्या ओल्या कणकेचा लेप लागतो, तेव्हा कुठं त्यातून तो पोटातला धूम निघतो. भजन संपलं की लेप खरवडून काढायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा. पद्माचे सासरे सटवाजीबुवा यांच्या मृदंगाचं नाव आखाडा बाळापूर गावातच काय, पार वसमतपर्यंत होतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच सासूनं, भागूबाईनं, तिला सांगून ठेवलं होतं, "या घरात आधी मुरदंगाला जेवण, मग माणसाला." तेव्हापासून नऊ वर्षं तो गोळा पद्माच्या हातचा.

गेल्या वर्षीच्या श्रावणात बुवांची उजवी बाजू गेली. मारुतीच्या देवळात भजन रंगात आलेलं, आणि उजवा हात पुडीवर पडला तो उचललाच नाही. महिनाभर दवाखाना झाला. घरी आले ते काठी टेकत. पायात जरा जीव आला, बोलणं वाकडं का होईना कळू लागलं, पण हात ओल्या धोतरासारखा लोंबतच राहिला. बुवांनी मृदंगाला खोळ चढवायला लावली, उंच खुंटीला टांगायला लावला, आणि स्वतः बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. देवळाचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायचे.

तरी पद्मा कणीक मळतच राहिली. कुणाला बोलली नव्हती, पण देवापुढं हातावर पाणी घेऊन तिनं नेम धरला होता. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मृदंग देवळात पुन्हा वाजेपर्यंत एक दिवसही कणीक चुकवायची नाही, आणि तोवर आपल्या चहात गूळ नाही. गोळा दिवसभर कोनाड्यात राही. दिवेलागणीला ती तो गाईच्या तोंडात देई.

"कुणाला वाढून राहिलीस गं रोज? खुंटीला?" भागूबाई विचारायची.

"राहू द्या मामी. हाताला सवय हाय."

"गाय माजली तुझ्या सवयीनं. आता तिला कडबा गोड लागंना."

पद्मा तोंडावर पदर घेऊन हसायची आणि कामाला लागायची. तिचा आवाज शेजारच्या भिंतीलाही कधी ऐकू गेला नव्हता.

नवरा उकंडराव. आधीची तीन लेकरं दगावली म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं होतं, तेच नाव पडलं. बाजारगल्लीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ते काम शिकायला तो दोन वर्षं नांदेडला राहिला, आणि तिथल्या अमरसिंग नावाच्या म्हाताऱ्या सरदारजींकडून येताना दिलरुबा शिकून आला. गजानं वाजवायचं ते वाद्य, आवाज असा की बाईनं कढ गिळून गायला सुरुवात करावी. बाळापुरात ते वाजवणारा हा एकटाच. कुठल्या गायन पार्टीत नाही, कुणाच्या तालमीत नाही. साथीला बाप होता, त्याला आणखी कुणी लागतही नव्हतं. दोघं ओसरीवर बसले की बाजाराला निघालेली माणसं डोक्यावरचं ओझं न उतरवता उभी राहत.

बापाचा हात गेला आणि दिलरुबा उघडा पडला. गावात मृदंगाला आता एक जळबा उरला, बुवांचाच चेला. हात गोड, पण लय धरून ठेवणं त्याला जमत नसे.

"जळबाची लय म्हंजे उताराला लागलेली एस. टी.," उकंडराव म्हणायचा. "बिरेक लागंपतोर गाव मागं पडलेलं असतंय."

मग त्यानं स्वतःच ठेका तयार करायचं मनावर घेतलं. भीमनगरात कोंडीबा नावाचा त्याचा दोस्त होता, गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचा. त्याच्याकडं तबकड्या वाजवायचा, चावीचा एक जुना फोनो धूळ खात पडला होता. तो उकंडरावानं आणला. फोनोची चकती भारी वेगानं फिरते, म्हणून तिच्यावरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा घेऊन शेजारी एक मोठी लाकडी थाळी फिरती केली. थाळीच्या काठाला आठ मात्रांचे तांब्याचे आठ तुकडे बसवले. थाळी फिरली की एक तार त्या तुकड्यांना घासत जायची, आणि जिथं घासायची तिथं ट्रान्झिस्टरच्या जोडणीतून स्पीकर बोलायचा, कुठं बारीक टिक्, कुठं जाड टुंग. वीज बॅटरीच्या सेलांची. हा सगळा संसार चहाच्या रिकाम्या पेटीत बसवला आणि भादव्यातल्या एका दुपारी त्यानं पेटी ओसरीवर आणून ठेवली.

चावी भरली. पेटी बोलू लागली. उकंडरावानं दिलरुब्यावर गज टेकवला.

पद्मा सुपात डाळ निवडत होती, तिचा हात थांबला. तो टिक् टिक् कोरडा, आणि त्यावरून दिलरुब्याचा ओला सूर सरकत जाणारा. असलं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं. वाईट तर मुळीच नव्हतं. चांदण्या रात्री ओढ्याकाठी किडे किरकिर करतात आणि दूर कुणी तरी गात असतं, तसं काही तरी.

भागूबाई मात्र आतून ओरडत आली. "पाल चुकचुकून राहिली का काय घरात?"

"पाल न्हाई वो माय, ठेका हाय."

"ठेका? मग तिला म्हणावं एका जागी चुकचुक, जीव घाबरा झाला माझा."

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. तेरा महिन्यांत ज्या माणसानं गाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, तो बोलला. "उकंड्या. सम कुठं हाय त्याच्यात?"

उकंडरावाचा गज हवेतच राहिला. "पयल्या मात्रेवर हाय की, बाबा."

"मला न्हाई दिसत. आठी मात्रा सारख्याच. शाळंतली पोरं रांगंत उभी केल्यावानी. समेला वजन लागतंय, वजन. बंद कर ते."

उकंडरावाचं तोंड उतरलं. त्यानं पेटी बंद करायला हात घातला, तशी पद्मानं हळूच मान हलवून त्याला नको म्हटलं. तिला काही तरी दिसलं होतं. बुवांचं तोंड भिंतीकडंच होतं. पण त्यांचा डावा हात बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर होता, आणि थाळी फिरून पहिल्या मात्रेवर आली की त्या हाताचा तळवा लाकडावर पडत होता, ठप. दर फेऱ्याला, नेमका. बुवांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मा भाकर घेऊन दुकानात गेली. उकंडराव एका रेडिओत मान घालून बसला होता.

"एक बोलू का?" ती म्हणाली.

"बोल की."

"तुमच्या पेटीतला जाड आवाज काढून टाका."

"काहून? मग उरलं काय? नुसतं टिक् टिक्?"

"बारीक आवाज उजव्या हाताचा. तो राहू द्या. जाड डाव्या हाताचा. ती जागा रिकामी ठिवा." तिनं भाकर त्याच्यापुढं सरकवली. "तिथं माणूस बसंल."

उकंडरावानं रेडिओतून मान वर काढली. नऊ वर्षं ही बाई माजघरात भाकरी थापत होती, आणि भाकरी ठेक्यात थापत होती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. भाकर तशीच ठेवून त्यानं तारांना डाख द्यायचा कैया तापवायला घेतला.

आता पेटी रोज दुपारी ओसरीवर वाजू लागली, अर्धीच. बुवा ऐकत आणि चिडत. पद्मा काही बोलत नसे. बुवांना पाणी देताना ती तांब्या मुद्दाम डाव्या अंगाला ठेवी, एवढंच.

"तिसरी मात्रा उशिरा येती."

उकंडराव तांब्याचा तुकडा केसभर सरकवी.

"आता लवकर येती. सासरी निघालेल्या पोरीवानी काय घाई हाय तिला?"

पुन्हा सरकवी. असं करता करता भादवा सरला. पेटीचा कारागीर उकंडराव खरा, पण तिला वळण लावलं ते भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसानं. आणि तोंडही आता भिंतीकडं फारसं राहत नव्हतं. हे सगळं एकटी भागूबाई बघायची आणि म्हणायची, "बरं हाय. आता घरात दोन हट्टी झाले. एकाला पाय हायत, एकीला चावी."

पण मृदंग खुंटीवरच होता. तो काढा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दसरा आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर मांडतो, सुतार करवत मांडतो. पद्मानं पाटावर उकंडरावाचा कैया, पक्कड आणि पेचकस मांडले, दिलरुबा ठेवला, पेटी ठेवली. मग स्टुलावर चढून कुणालाही न विचारता खुंटीवरचा मृदंग उतरवला, खोळ काढली आणि पुसून पाटावर ठेवला, डावी पुडी बुवांच्या अंगाला करून. सणाच्या दिवशी पूजेला कोण नको म्हणणार.

बुवा काठी टेकत आले, पाटासमोर बसले. डाव्या हातानं त्यांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मृदंगाला झेंडूचं फूल वाहताना बोटं पुडीवर टेकली आणि तिथंच राहिली. मग त्यांनी हलकेच एक थाप मारली. कोरडा, पोकळ आवाज आला.

"कोरडी हाय," बुवा म्हणाले. मग म्हणाले, "कणीक... आता सणाच्या गडबडीत घरात कणीक कुठली असणार."

"हाय, मामा," पद्मा म्हणाली. "रोज असती."

तिनं कोनाड्यातला गोळा आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. ओलं फडकं बाजूला करून बुवा त्या गोळ्याकडं बघत राहिले. रोज असती, हे दोन शब्द त्यांच्या आत कुठंवर पोचले ते त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि एका हातानं, अडखळत, पुडीवर लेप दिला. उकंडरावानं न सांगताच चावी भरली.

पेटी म्हणाली टिक् टिक्, आणि बुवांचा डावा हात म्हणाला धूम.

त्या दिवशी दुपारभर धूम चालला होता. चुकत होता, पुन्हा जमत होता. कणीक वाळून भुगा झाली तेव्हाच थांबला.

संध्याकाळी जळबा आपट्याची पानं घेऊन पाया पडायला आला. "उस्ताद, उद्या एकादशीच्या भजनाला मी न्हाई बरं का. बायको कनेरगाव नाक्याला माहेरी जाऊन बसलीय. उद्या आलो न्हाई तर येतच न्हाई म्हणती."

"मग भजनाला कोण?" उकंडरावानं विचारलं.

"टाळावर होईल की. न्हाई तर तुमची ती पाल घेऊन जावा."

जळबा हसत निघून गेला. बुवा बाजेवर बसून होते. दिवे लागले. मग म्हणाले, "उकंड्या, सातवी मात्रा अजून लंगडती. उद्यापर्यंत नीट होईल?"

"व्हईल की, बाबा."

"मग मी येतो." आणि लगेच त्यांचा आवाज कडक झाला. "पण ऐकून ठिवा समदे. तिथं मांडी मोडून उठायची पाळी आली, तर पुन्हा मला मुरदंग दाखवायचा न्हाई. पूजेला सुदिक न्हाई."

पद्मानं देवाकडं बघून हात जोडले. चौदा महिन्यांचा नेम आता एका संध्याकाळवर येऊन टेकला होता.

एकादशीला पद्मा पहाटेच उठली. त्या दिवशी घरात धान्याचा कण शिजत नसे. जातं झाकलेलं, पिठाचा डबा वरच्या फळीवर. तिनं पूजा केली, नेमाप्रमाणे गोळा मळला, फडक्यात गुंडाळला. संध्याकाळी उकंडरावानं सायकलवर पेटी बांधली, शेजारच्यांच्या छकड्यात बुवांना बसवलं, आणि पद्मा मृदंग मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसली. छकडं खडखडत होतं आणि तिच्या मांडीवर मृदंग हळूहळू घुमत होता, पोटात लेकरू हलावं तसा.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा येणार ही बातमी आधीच पोचली होती. पाल येणार ही तर त्याच्याही आधी. कोंडीबा देवळाबाहेर पारावर बसला होता. तो देवळात येत नसे, ते त्याचं त्यानं ठरवलेलं होतं. पण फोनो त्याचा होता, ऐकायला तर यायलाच हवं.

"पेटीला परसाद देयाचा का?" गर्दीतून कुणी तरी विचारलं.

"तिला सेल चालतेत," दुसरा म्हणाला.

बुवा कुणाकडंही न बघता मांडी घालून बसले. उजवा हात भागूबाईनं उपरण्यानं छातीशी बांधून दिला होता. उकंडरावानं लेप दिला, चावी भरली. टाळकऱ्यांनी टाळ सरसावले. दिलरुब्यानं सूर धरला.

पहिला अभंग सुरू झाला. डावा हात पडत होता तो नेमका, भरीव. पेटी उजवीकडून बारीक बोलत होती, आणि दोन्ही मिळून मृदंग होत होता. माणसं टाळ वाजवायची विसरून बघत होती. बायकांत बसलेली भागूबाई शेजारणीला म्हणाली, "आमची पाल हाय ती."

दुसरा अभंग अर्ध्यावर आला तेव्हा आवाज बदलला. धूमचा धप झाला. धपचा ठक झाला. बुवांनी भुवया गोळा केल्या, जोरात थाप मारली, आणि पुडीवरच्या लेपाचा एक तुकडा उडून भजन सांगणाऱ्या उमाजीबुवांच्या मांडीवर पडला. पुढच्या थापेला दुसरा उडाला. तिसऱ्याला उरलेला लेप भुरभुरत खाली आला आणि पुडी उघडी पडली.

बुवांचा हात थांबला. दिलरुबा थांबला, टाळ थांबले. एकटी पेटी टिक् टिक् करत राहिली, तिला थांबायचं कळत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा बुवांवर. त्यांची मांडी हलली. आता ते उठणार.

बुवा वाकले. धोतरावर पडलेला लेपाचा तुकडा त्यांनी चिमटीत घेतला, नाकाशी नेला. मग जिभेवर ठेवला.

"राजगिरा हाय," ते म्हणाले.

कुणालाच काही कळेना. बुवांनी बायकांकडं मान वळवली. "पद्मा, कणीक कशाची मळली?"

पद्मा पदर सावरत उभी राहिली. चुकी काय झाली ते तिच्या ध्यानात येत होतं. पूर्वी एकादशीची कणीक तिला मळावीच लागत नसे. दशमीचाच गोळा बुवा आदल्या संध्याकाळी देवळात नेऊन ठेवत. नेम धरल्यापासून मात्र एकादशीही चुकवायची नव्हती, आणि त्या दिवशी गव्हाला हात लावायचा नव्हता. म्हणून चौदा महिने दर एकादशीला ती राजगिऱ्याच्या पिठाचा गोळा करत आली होती. वाजवणारं कुणी नव्हतंच. गाईनं कधी तक्रार केली नाही. आज सकाळीही हात आपोआप राजगिऱ्याच्या डब्याकडंच गेला.

"राजगिऱ्याची, मामा," ती म्हणाली. देवळात शांतता होती म्हणूनच तिचा आवाज ऐकू आला. "एकादशी हाय नव्हं. देवापुढं बसणाऱ्या मुरदंगाला आजच्या दिवशी धान्य कसं चारावं, म्हणून..."

बुवा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. पद्माला वाटलं, आता रागावतील. पण ती बाजू हलतच राहिली, मग खांदे हलू लागले, मग पोट. सटवाजीबुवा हसत होते. आवाज न काढता, वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ऐकलं का उमाजी," ते कसेबसे म्हणाले. "पन्नास वर्षं वाजवून राहिलो, पण मुरदंगाला उपास घडवायचं मला कधी सुचलं न्हाई. माझ्या सुनेनं घडवला."

मग अख्खं देऊळ हसलं. उमाजीबुवा मांडीवरचा तुकडा उचलून म्हणाले, "परसाद समजून खातो मी. फराळाचाच हाय." भागूबाई शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. पेटी अजूनही टिक् टिक् करत होती, आणि त्यानं लोकांना आणखी हसू येत होतं.

हसून झालं. पण मृदंग तसाच उघडा होता.

"कणीक आणा कुणी तरी," उमाजीबुवा म्हणाले.

माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. आज गावात या बाजूला एकाही घरात भिजवलेलं पीठ सापडलं नसतं. डबे फळ्यांवर, जाती झाकलेली. आता मळायचं म्हटलं तरी उपासाच्या हातांनी गव्हाला शिवायचं कुणी, यावरच बायकांची कुजबुज सुरू झाली.

पारावरून कोंडीबा उठला. दारातूनच म्हणाला, "उकंडराव, आमच्यात एकादशी नसती. कालच्या विजयादशमीची पाव्हणी अजून घरी हायत, लक्ष्मी आत्ता पोळ्याच करून राहिली असंल. आणू का?"

दारातले दोघं-तिघं पायांकडं बघू लागले. एकानं घसा खाकरला. बुवांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "जा बाबा कोंडीबा, पळ. मुरदंग उपाशी हाय."

कोंडीबाची सायकल धुळीत गेली आणि अर्ध्या घटकेत परत आली. तोवर टाळांवर, पेटीवर आणि दिलरुब्यावर भजन चालू राहिलं. उकंडराव असा वाजवत होता की गज म्हणजे जणू त्याच्याच हाताचं हाड. कोंडीबा पायरीशी थांबला. हातात पितळेची वाटी, वर ओलं फडकं. लक्ष्मीबाईनं कणकेला तेलाचं बोट लावून दिलं होतं, वाळू नये म्हणून.

पद्मा बायकांतून उठली, पायरीपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली.

"जास्तीच दिली हाय वहिनी," कोंडीबा हळूच म्हणाला. "लक्ष्मी म्हणाली, मुरदंगाला किती लागती काय ठावं, पाव्हण्याला वाढावं तशी घेऊन जावा."

वाटी घेऊन ती बुवांपुढं बसली. नऊ वर्षं ती कणीक मळत होती, पण पुडीवर लेप कधी तिनं दिला नव्हता. आज बुवांनी मृदंग तिच्याकडं वळवला. तिनं मऊ कणीक मधोमध थापली, अंगठ्यानं कडा दाबल्या, भाकर थापताना फिरवतात तशी बोटं फिरवली. बुवांनी हलकी थाप मारली. मान हलवली. तिनं थोडी काढून घेतली. पुन्हा थाप.

धूम.

तो आवाज मारुतीच्या दगडी छातीवर जाऊन आपटला आणि परत आला. पद्मा जागेवर जाऊन बसेपर्यंत अभंगानं रंग धरला होता.

आणि मग भजन असं रंगलं की कुणाला कसलं भान राहिलं नाही. उकंडरावालाही राहिलं नाही, म्हणून चावी भरायची राहिली. पद्माला ते आधी कळलं. टिक् आणि टिक् यांच्यातली जागा लांबू लागली होती. थाळी जड झाली होती, दम लागलेल्या माणसागत. दोन फेरे गेले की पेटी बसणार. उकंडरावाच्या दोन्ही हातांत दिलरुबा, त्यानं घाबरून बापाकडं बघितलं.

बुवांनी पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचा डावा हात समेवर पडला आणि तिथून पुढं त्यानं सगळ्या मात्रा स्वतःवर घेतल्या. जड तळव्यानं, हलक्या बोटांनी, मनगटानं घासून. पेटी मुकी झाली तरी लय तसूभर हलली नाही. "चावी भर, चावी," ते वाजवता वाजवता म्हणाले. "मी हाय तोवर."

उकंडरावानं दिलरुबा आडवा ठेवला, चावी गरागरा भरली आणि थाळी हातानं धरून ठेवली. बुवांनी डोळ्यांनी थांब म्हटलं. थांब, थांब. मग मान खाली आली. उकंडरावानं थाळी सोडली, आणि टिक् आणि धूम एकाच क्षणी समेवर पडले. टाळकऱ्यांनी एकदम आवाज उचलला. पारावर कोंडीबानं मांडीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी बुवा मांडी मोडून उठले ते आरती झाल्यावरच.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पद्मानं उपास सोडायच्या आधी पूजा केली, पीठ घेतलं, गव्हाचं, डबा दोनदा बघून. गोळा कोनाड्यात ठेवून ती चुलीशी आली तर भागूबाईनं चहा आधीच केला होता. तिनं कप पद्मापुढं सरकवला. पद्मानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा गोड होता, चांगला दोन खडे टाकून केल्यासारखा.

"मामी..."

"पी. नेम फिटला का न्हाई? चौदा महिने काढा गिळत होतीस तवा तोंड कसं व्हायचं तुझं, ते मला दिसत न्हाई व्हय?" भागूबाई चुलीत लाकूड सारत म्हणाली. "मी बोलले न्हाई. देवाचं अन् तुझं होतं."

पद्मानं कप दोन्ही हातांत धरला. गोडीनं जिभेच्या कडा दुखल्यासारख्या झाल्या, आणि तिला हसू यायला लागलं.

ओसरीवर उकंडराव पेटी उघडून बसला होता. बाजेवर बुवा होते. तोंड अंगणाकडं.

"सातवी मात्रा," बुवा म्हणत होते. "काल परत लंगडली. मी सांभाळून घेतली म्हणून बरं."

"कुणाला कळलं न्हाई, बाबा."

"मला कळलं ना. आण इकडं ती कणीक."